कपारीचा गळा

एकदा एका डोंगरमाथ्यावरच्या वस्तीतली एक तरुणी एका वृद्धेपाशी गेली आणि म्हणाली, "आऊ, माझ्या हातांत बळ नाही. ते मला हवं आहे. पण हात मोठे व्हायला नकोत."

त्या तरुणीचं नाव हौसा. अंगानं काटकुळी, मनगटं इतकी बारीक की बांगडी कोपरापर्यंत सरकत असे. वृद्धेचं नाव कुणालाच आठवत नव्हतं. लहानथोर सगळे तिला आऊ म्हणत. ती वस्तीच्या कपारीची राखण करणारी होती.

ही कपार म्हणजे वस्तीच्या वर असलेल्या कड्याच्या पोटात उभी गेलेली एक अरुंद चीर. तिच्यात बरंच खाली एक झरा होता, आणि त्या झऱ्याचं पाणी कातळातल्या वाटेनं वस्तीच्या टाक्यात येत असे. वर्षभरात झऱ्याचं तोंड गाळानं आणि मुळांनी बुजून जाई. उन्हाळ्याच्या तोंडाशी कुणीतरी दोरावरून खाली उतरायचं आणि ते मोकळं करायचं, हा त्या वस्तीचा नेम होता. मात्र चिरेच्या मध्यावर एक जागा अशी होती की तिथून खांदे तिरके केल्याशिवाय माणूस जात नसे. तिला सगळे 'गळा' म्हणत. वरून माणसं लावून दोर ओढला, तर उतरणारा त्या गळ्यात पाचरीसारखा अडकायचा. त्यामुळे वर यायचं ते ज्याचं त्यानंच, स्वतःच्या हातांच्या आधारानं. झऱ्यापाशी एक फळीएवढा कातळ होता. त्याच्या पलीकडे कपार आणखी खाली जात होती, आणि तिचा तळ कुणी पाहिलेला नव्हता.

कपारीविषयी आणखी एक गोष्ट होती, जी वस्तीतली माणसं पाहुण्यांना सांगत नसत. ती श्वास घेई. ऊन चढलं की बाहेरची हवा सूं करून आत ओढली जाई. तोंडाशी धरलेला पदर आत खेचला जाई. ऊन उतरलं की तीच हवा बाहेर येई, गार आणि ओलसर. त्या वेळी कान देऊन ऐकलं तर कुणीतरी धापा टाकत एकच शब्द म्हणतंय असं वाटे. लवकर. लवकर.

कितीतरी वर्षं आऊच कपारीत उतरत आली होती. त्या हिवाळ्यात तिचा उजवा खांदा धरला, आणि हात डोक्याच्या वर जाईना. टाक्यातलं पाणी खाली खाली जाऊ लागलं. वस्तीतले धडधाकट पुरुष गळ्यातून जाणारे नव्हते, आणि जे किडकिडीत होते त्यांना दोर पाहूनच घाम फुटे. हौसाची आई डोंगराखालच्या ओढ्यावरून पाणी आणताना घसरली आणि गुडघा मोडून घरी बसली. तेव्हा हौसा आऊकडे गेली.

आऊनं तिचे दंड चाचपून पाहिले. "हात मोठे का नकोत?"

"गळ्यातून जायचं आहे. आणि..." हौसा थांबली. "आई म्हणते, पैलवानासारखे दंड झाले तर माझं लग्न कसं जमायचं?"

आऊ हसली नाही. "झाडाला लोंबक," ती म्हणाली.

देवळामागच्या उंबराच्या आडव्या फांदीला हौसानं हात घातले. पाय जमिनीवरून उचलले न उचलले तोच बोटं उघडली आणि ती धपकन खाली बसली.

"बरं," आऊ म्हणाली. "म्हणजे आपल्याला सुरुवातीपासून सुरुवात करता येईल."

दुसऱ्या दिवशी आऊनं तिला देवळाच्या मागच्या भिंतीसमोर उभं केलं. तळहात छातीच्या उंचीवर भिंतीला टेकवायचे, पाय थोडे मागे, अंग फळीसारखं सरळ. मग कोपरं दुमडत छाती सावकाश भिंतीजवळ न्यायची आणि भिंतीला ढकलत परत यायचं. हौसाला वाटलं, हा तर खेळ झाला. ती भराभरा करू लागली.

"सावकाश," आऊ म्हणाली. "जाताना जितका श्वास पुरेल तितका पुरव."

सावकाश केल्यावर हौसाचे हात थरथरू लागले. आणखी थोडं करावं असं तिच्या मनात आलं, तोच आऊनं तिला थांबवलं. "पुरे. घरी जा. हरभरे भिजवलेले आहेत का? ते खा, दूध पी. उद्या येऊ नकोस."

"उद्या का नको?"

"उद्या हात झोपतील. झोपेत वाढतात ते."

असे दिवस जाऊ लागले. भिंत सोपी वाटू लागली तेव्हा आऊनं तिला टाक्याच्या कमरेएवढ्या कठड्याला हात टेकवायला लावले, कठडा जमला तेव्हा पायरीला, पुढे जमिनीला. फांदीला लोंबकळणंही चालूच होतं. आधी पायाची बोटं जमिनीला टेकवून, मग अधांतरी. प्रत्येक वेळी, हौसाला उमेद यावी आणि आऊनं "पुरे" म्हणावं, असं होई. हौसाला त्याचा राग येई. टाक्याचा तळ दिसू लागला होता आणि म्हातारी तिला एक दिवसाआड घरी बसवत होती.

मग दोर आला. आऊनं उंबराच्या उंच फांदीला जाड दोर बांधला, बाजूला दगडांचा ओटा रचला. हौसानं ओट्यावर चढायचं, वर दोर धरायचा, पाय सोडायचे, आणि हात एकाखाली एक घेत खाली यायचं, होईल तितकं सावकाश. जमिनीला पाय टेकले की पुन्हा पायऱ्यांनी ओट्यावर. पुन्हा उतरायचं. दोरावरून वर चढायला आऊनं तिला एकदाही सांगितलं नाही.

काही दिवसांनी हौसानं विचारलं, "आऊ, चढायला कधी शिकवणार?"

"नाही शिकवणार," आऊ म्हणाली. "तू उतर."

हे उत्तर हौसाच्या मनात रुतून बसलं. टाक्याच्या तळाशी उरलेलं पाणी भरणाऱ्या बायकांच्या कानावर ते गेलं तेव्हा त्यांचे हात थांबले. गोदावरी नावाची एक वयस्क बाई होती. ती हौसाला बाजूला घेऊन खालच्या आवाजात म्हणाली, "पोरी, तुला रंभाजीची गोष्ट ठाऊक आहे का?"

हौसाला ठाऊक नव्हती. ती जन्मायच्या आधीची गोष्ट होती.

रंभाजी हा वस्तीतला नामांकित पैलवान. त्याचे दंड बघायला शेजारच्या गावची माणसं यायची. एका वर्षी तो म्हणाला, यंदा मी उतरतो. श्वास सोडून, अंग आक्रसून तो गळ्यातून कसाबसा खाली गेला आणि त्यानं झराही मोकळा केला. पण खाली तासभर मुळं उपसून त्याचे हात आणि खांदे फुगले. गेला होता त्याहून तो रुंद झाला. परत येताना तो गळ्यात अडकला. वरच्या माणसांना त्याच्या धापा ऐकू येत होत्या. मग त्या ऐकू येईनाशा झाल्या, आणि दोर हलका झाला. खालून काही पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही, इतकं ते खोल.

"त्यानंतर आऊच उतरत आली," गोदावरी म्हणाली. "ती कशी परत येते, ते आम्ही कुणी विचारलं नाही. पण तूच बघ. म्हातारी तुला नुसतं खाली जायला शिकवते आहे. वर यायला नाही. का, ते तुझं तू समज."

त्या संध्याकाळी हौसा आऊला जाब विचारायला निघाली. आऊ घरात नव्हती. ती कपारीच्या तोंडाशी बसली होती, दाराशी बसून शेजारणीशी बोलावं तशी. कपार श्वास सोडत होती आणि आऊच्या कपाळावरचे पांढरे केस त्या वाऱ्यानं हलत होते. हौसा एका दगडाआड उभी राहिली.

आतून तो शब्द आला. लवकर.

आऊ पुढे वाकली आणि अगदी मायेनं म्हणाली, "थांब रे. थोडं थांब."

हौसा आल्या पावली मागे फिरली.

रात्रभर तिच्या मनात एकच विचार होता, की म्हातारी कुणाला तरी थांबवून ठेवते आहे आणि त्याला जे हवं ते तयार होईपर्यंत ती वेळ काढते आहे. सकाळी ती आईजवळ बसली. आईचा गुडघा सुजून भोपळा झाला होता. तशाच पायानं ती चुलीपुढे सरकत होती. कोपऱ्यातल्या हंड्यात तांब्याभर पाणी होतं. हौसानं ते पाणी पाहिलं, आणि ती उठून आऊकडे गेली. तिनं काहीच विचारलं नाही.

आऊनं तिला दोरावर उतरायला लावलं. हौसा उतरली. तिचे हात थरथरले नाहीत.

"परवा कपारीत," आऊ म्हणाली. "उद्या हात झोपू दे."

परवाच्या दिवशी सगळी वस्ती कपारीपाशी जमली होती, पण कुणी बोलत नव्हतं. कपारीजवळ कुणी कुणाचं नाव घेत नसे. ऊन चढलं होतं. हवा आत ओढली जात होती, आणि कडेचा वाळला पाला एकेक पान करून चिरेत शिरत होता. हौसाच्या कमरेला विळा होता. आऊनं तिच्या तळहातांना राख चोळली आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "तू आत असताना मी तुला हाक मारणार नाही. कुणीही मारणार नाही. एवढं ध्यानात ठेव."

हौसा आत शिरली.

उतरणं तिच्या हातांना पाठ होतं. उजेड डोक्यावर एका रेघेएवढा झाला. कातळ गार होता आणि चिकट. गळ्याशी आल्यावर तिनं श्वास सोडला, एक खांदा आधी घातला, मग दुसरा, आणि ती सहज खाली सरकली. झऱ्याच्या कातळावर पाय टेकवून ती आधी बसली. हात मांडीवर ठेवले. मग विळ्यानं मुळं तोडली, बोटांनी गाळ उपसला. अखेर कातळाच्या फटीतून पाण्याची धार फुटली आणि वळून आतल्या वाटेनं टाक्याकडे धावली. तो आवाज ऐकून हौसा अंधारात एकटीच हसली.

ती पुन्हा बसली. हातांतली कळ ओसरेपर्यंत बसायचं तिनं ठरवलं होतं.

तेवढ्यात आऊचा आवाज आला. "हौसा."

ती ताडकन उभी राहिली.

"हौसा, लवकर. दोर तुटत आला आहे. लवकर ये."

तिनं दोर धरला आणि स्वतःला वर खेचलं. पाय कातळावर घसरत होते, श्वास घशात अडकत होता. आवाज सारखा येत होता, लवकर, लवकर. ती गळ्यात शिरली, पण घाईत दोन्ही खांदे एकदम घातले आणि तिथंच अडकली. तिनं जोर केला. कातळ आणखी आवळला. छाती फुगायला जागा उरली नाही. आणि त्याच वेळी तिला जाणवलं की तिच्या पायांखाली लोंबणारा दोर जड झाला आहे. कुणीतरी तो खालून धरावा तसा ताठ आणि जड.

आवाज पुन्हा आला. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की तो खालून येतो आहे.

हौसा किंचाळली नाही. किंचाळायला श्वासच नव्हता. दोर खालून ओढला जात होता आणि वर जाता येत नव्हतं. अशा वेळी काय करायचं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिला एकच गोष्ट येत होती, उतरणं. तिनं तेच केलं. एक हात सोडून खाली घेतला. मग दुसरा. तसूतसूनं, भिंतीसमोर उभी असताना करायची तसं, जितका श्वास पुरेल तितका पुरवत ती गळ्यातून खाली सुटली. छाती मोकळी झाली. ती अंधारात लोंबकळत राहिली. हात जळत होते पण बोटं उघडली नाहीत. फांदीवर तिनं याहून जास्त वेळ काढला होता.

"लवकर," अगदी तिच्या टाचांपाशी कुणीतरी म्हणालं.

"थांब," हौसा म्हणाली. आपण काय बोललो हे तिला नंतर कळलं.

मग तिनं एक खांदा तिरका केला आणि उतरताना जसे हात घेत असे, तसेच ते उलटे घेतले. जितक्या सावकाश खाली, तितक्याच सावकाश वर. एक हात. श्वास. दुसरा हात. पायांखालचा दोर हळूहळू हलका होत गेला. कुणी मूठ सैल करावी तसा. गळा मागे पडला. उजेडाची रेघ रुंद झाली. तिनं कपारीच्या कडेवर कोपरं टेकवली तेव्हा वर कुणीच ओरडलं नाही. आऊ दोराच्या गाठीवर तळहात ठेवून बसली होती, आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

टाक्याकडून बायकांचा गलका ऐकू आला. पाणी आलं होतं. माणसं तिकडे धावली, आणि कपारीपाशी या दोघीच उरल्या.

हौसाला थंडी वाजत होती. ती म्हणाली, "आऊ, तुझ्या आवाजात कुणीतरी मला बोलावलं."

"मला माझ्या आईच्या आवाजात बोलावतं," आऊ म्हणाली.

"कोण आहे ते?"

"ते मला माहीत नाही. रंभाजी माझा धाकटा भाऊ. तो अडकला तेव्हा मी इथंच होते. मी त्याला सांगत होते, थांब, खाली सरक, दम घे. पण त्याच्या धापांत त्याला ते ऐकूच गेलं नाही. म्हणून मी रोज येऊन सांगते. कधीतरी ऐकू जाईल."

हौसाला त्या संध्याकाळचं सगळं आठवलं आणि तिची मान खाली गेली. आऊनं ते पाहिलं की नाही कोण जाणे. ती पुढे बोलू लागली.

"तुला वाटलं असेल, म्हातारी मला चढायला का शिकवत नाही. अगं, तुझ्या हातांना तुझं स्वतःचं वजन पेलत नव्हतं. तशा हातांना वर चढायला लावलं असतं, तर ते हिसके देत चढले असते. एक तर खांदा गेला असता, नाहीतर उमेद. पण उतरताना वजन तेच असतं, हात तेच असतात, आणि ते वजन सावकाश सोडता सोडता हात ते पेलायला शिकतात. तू रोज चढायलाच शिकत होतीस. बाजू फक्त दुसरी होती. आणि हात मोठे होण्याची तुला भीती! रंभाजीनं ते दंड मिळवायला किती वर्षं घातली, किती खाल्लं, किती ओझी वाढवत नेली, ते मी पाहिलं आहे. त्याला ते हवे होते, म्हणून मिळाले. त्यात वाईट काहीच नव्हतं. आखाड्यात ते शोभत होते. पण चुकून कुणी पैलवान होत नाही, पोरी. आपल्याला स्वतःचं अंग उचलता यावं, एवढंच बळ तू मागितलंस, तेवढंच अंगाला चिकटलं. त्याला जागा लागत नाही."

थोडं थांबून ती म्हणाली, "माणसाचं बळ कमी पडतं म्हणून तो क्वचितच पडतो. घाई त्याच्या मुठी उघडते. म्हणून मी तुला रोज 'पुरे' म्हणत होते. बळ तर भिंतीनंही दिलं असतं."

हौसानं आऊच्या धरलेल्या खांद्यावर हात ठेवला. दोघी तशाच बसून राहिल्या. ऊन उतरलं, आणि कपारीतून गार वारा येऊ लागला. त्या दिवशी त्यात शब्द होता की नव्हता, हे दोघींपैकी कुणीच कधी सांगितलं नाही.

घरी आईनं हौसाला जवळ बसवलं, तिची बाही वर सारली आणि दंड दोन्ही हातांनी दाबून पाहिला. "हे तर होते तसेच आहेत गं," ती म्हणाली. तिच्या आवाजात सुटकाही होती आणि थोडं नवलही. हौसानं आईला काखेत हात घालून अलगद उचललं आणि दुखऱ्या पायाला धक्का न लागता चुलीपासून अंथरुणावर नेऊन ठेवलं.

आपल्यापैकी कुणी आज पहिल्यांदाच भिंतीला तळहात टेकले असतील, तर उद्या हात दुखल्यावर त्यांनी खुशाल बसून राहावं. भिंत कुठंही जात नाही.